काळा स्क्रीन, विंडोज-एल आणि 95,137 रुपये

खोट्या कस्टमर केअरवाल्याने माझा लॅपटॉप दुरून ताब्यात घेतला आणि एकूण गेले 95,137 रुपये. त्यातले 1,499 मी माझ्या हाताने भरले, म्हणजे चोराला वर बक्षिसी. बाकी 49,999 आणि 24,999 दोन खात्यांतून आयएमपीएसने (बँकेतून लगेच पैसे पाठवायची सोय), आणि 18,640 क्रेडिट कार्डावर गिफ्ट व्हाउचरचे. 11 मिनिटांत. मी लॅपटॉप 'लॉक' करून दाराशी सिलिंडर उतरवून घेत होतो तेव्हा.

आधीच सांगतो, मी अडाणी नाही. दिवसाचे आठ तास रिमोट डेस्कटॉपवर, म्हणजे आपल्या कॉम्प्युटरवरून दुरूनच, ऑफिसचं मशीन चालवतो. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट आपल्याच मशीनवर लागतं, पलीकडे पाठवायचं तर कंट्रोल-ऑल्ट-एंड, हे मला झोपेत विचारा. विंडोज-एल दाबलं की फुल स्क्रीन असलं तरी समोरचंच मशीन लॉक होतं, पलीकडचं नाही, हेही ठाऊक. आणि नेमकं याच सवयीने मला बुडवलं. रोज मी चालवणारा असतो. त्या दिवशी मी पलीकडचा होतो, आणि बोटांना ते कळलं नाही.

सुरुवात नेहमीचीच: अपडेटनंतर प्रिंटर गप्प, सर्चमध्ये सगळ्यात वर दिसलेला कस्टमर केअरचा नंबर. तो नंबर जाहिरातीचा होता. कंपनीचा नंबर वॉरंटी कार्डावरून किंवा खोक्यावरून घ्या, सर्चमधून नाही. पुढे त्या नंबरवरच्या माणसाने कमांड प्रॉम्प्टमध्ये (विंडोजची आज्ञा टाइप करायची काळी खिडकी) 'असोक' (assoc) टाइप करायला लावलं, कुठल्या प्रकारची फाइल कशाशी जोडलीय याची लांबलचक यादी धावली, आणि शेवटाजवळचा 888डीसीए60 ने सुरू होणारा आकडा त्याने फोनवर न बघता म्हणून दाखवला. "सर, ये आपका लायसन्स आयडी है." मी चाट. हा आकडा प्रत्येक विंडोज मशीनवर तोच असतो! झिप फोल्डरशी संबंधित एक साधी नोंद आहे ती. शेजाऱ्याच्या लॅपटॉपवर बघितलं असतं तरी तोच दिसला असता.

मग आपलं मशीन दुसऱ्याला दुरून चालवू देणारं रिमोटचं अ‍ॅप. ते नुसतं चालवून भागत असताना "इन्स्टॉल करा" असा त्याचा आग्रह का, हे मला तिथेच खटकायला हवं होतं. इन्स्टॉल न करता चालवलेल्या अ‍ॅपमधून समोरच्याला अ‍ॅडमिनच्या परवानगीच्या खिडकीवर क्लिक करता येत नाही, लॉक स्क्रीन आली की तोही अडकतो. इन्स्टॉल केलं की ते सर्व्हिस म्हणून, म्हणजे विंडोजबरोबर आपोआप सुरू होणारं, बसतं, वर कायमचा पासवर्ड ठेवता येतो, रीस्टार्ट केलं तरी तो परत आत. इन्स्टॉलच्या परवानगीच्या 'येस'वर मीच क्लिक केलं.

'लाइफटाइम सपोर्ट'चे 1,499 भरायला नेटबँकिंग मीच उघडलं, त्याचं रिमोट सेशन चालू असताना. मोबाइलचे मेसेज ब्राउझरमध्ये दिसायची सोय मीच करून ठेवलेली, म्हणजे ओटीपी त्याच स्क्रीनवर. ही सोय आज बंद करा. आत्ता.

पैसे भरले आणि स्क्रीन काळा झाला. "अपडेट चालू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका" अशी पांढरी ओळ. फोन स्पीकरवर, "लाइन पे रहिए सर". तेवढ्यात बेल वाजली. मी विंडोज-एल दाबलं आणि उठलो.

हाच तो क्षण, ज्यासाठी मी अजून स्वतःला शिव्या घालतो. विंडोज लॉक झालं की घड्याळ आणि तारीख दिसते. मला दिसलं का? नाही. माउस हलवला, बाण हलला का? नाही. मी समजलो, अपडेट चालू आहे. अहो, काळा पडदा त्याच्या अ‍ॅपने माझ्या स्क्रीनवर टाकलेला होता आणि माझा कीबोर्ड-माउस त्याने अडवला होता. माझं विंडोज-एल विंडोजपर्यंत पोचलंच नाही. पडद्यामागे डेस्कटॉप जसाच्या तसा उघडा, बँकेचं पान लॉगइन केलेलं.

कंट्रोल-ऑल्ट-डिलीट मात्र असं कुठलं अ‍ॅप सहजी गिळू शकत नाही, ते थेट विंडोजकडे जातं आणि अडवलेला कीबोर्डही सुटतो. मी परत येऊन तेच दाबलं, पडदा गेला, बाण बँकेच्या पानावर आपोआप फिरताना दिसला. तोवर मेसेज येऊन पडले होते. पण लॉक करून भागत नाही हेही ऐका: लॉक केल्याने त्याचं रिमोट सेशन तुटत नाही. आधी वायफायचा राउटर बंद करा किंवा लॅनची वायर उपटा, नाहीतर पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. मग दुसऱ्या मोबाइलवरून बँक. पासवर्ड त्याच लॅपटॉपवरून बदलू नका.

आता मदतीचं ऐका. बँकेच्या हेल्पलाइनवर 22 मिनिटं, भाषा निवडा, एक दाबा, नऊ दाबा. 1930, सायबर फसवणुकीचा सरकारी हेल्पलाइन नंबर, तिसऱ्या प्रयत्नात लागला, तिथल्या बाईंनी निदान नीट लिहून घेतलं. पोलीस चौकी म्हणाली सायबर सेलला जा. सायबर सेल म्हणाला बँकेचं पत्र आणा. बँक म्हणाली एफआयआरची प्रत आणा. तीन फेऱ्या, दोन अर्ध्या रजा, आणि प्रत्येक टेबलावर तोच प्रश्न, "तुम्ही ओटीपी दिलाच कसा?" दिला नाही हो, त्याने वाचला! शेवटी एका साहेबांना लॅपटॉप उघडून मेसेजची खिडकी दाखवली, तर म्हणाले, म्हणजे दिल्यासारखंच.

रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक छापून न्या. ग्राहकाचा निष्काळजीपणा ठरला तरी बँकेला कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या माथी, आणि तक्रारीचा निकाल 90 दिवसांत लागला पाहिजे, असं त्यात आहे. म्हणून कळवल्याची वेळ मिनिटासकट लिहून ठेवा, तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. मला बँकेचं दोन ओळींचं उत्तर 34 व्या दिवशी आलं: व्यवहार ओटीपीने झाल्यामुळे जबाबदारी आपली. 30 दिवस उलटले की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, ती केली आहे. याच रिझर्व्ह बँकेने 2019 च्या फेब्रुवारीत एनीडेस्क या रिमोट अ‍ॅपचं नाव घेऊन बँकांना सावध केलं होतं. माझ्या शाखेतल्या माणसाने ते नाव माझ्याकडूनच पहिल्यांदा ऐकलं.

24,999 समोरच्या खात्यात गोठवून ठेवलेत म्हणे. सोडवायला कोर्टात अर्ज दिलाय. प्रिंटर चालू आहे, प्रिंट स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारा विंडोजचा भाग) रीस्टार्ट केला तेवढंच.