अष्टागरातील वाचनालयाचा जुन्या वर्तमानपत्रांचा विभाग
घराण्याचा इतिहास शोधणाऱ्यांनी अष्टागरातील, म्हणजे अलिबागच्या किनारपट्टीवरील, आमच्या वाचनालयाचा हा विभाग अवश्य पाहावा. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे दगावली. त्या आठवड्याचे अंक चाळताना बुडालेल्यांच्या यादीत आजोबांच्या थोरल्या भावाचे नाव गावासकट सापडले आणि घरात दबक्या आवाजात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीला आधार मिळाला. त्याच पानावर, मुठीवर पितळी मोर असलेल्या हरवलेल्या छत्रीची जाहिरात आहे. तेव्हाचे जगणे अशा बारीकसारीक मजकुरातच खरे दिसते. ग्रंथपाल तत्पर आहेत. मात्र पावसाळी दमटपणाने पानांच्या कडा झडत असताना एकाही अंकाचे स्कॅनिंग झालेले नाही, हे क्लेशदायक आहे. पाने कोरड्या हातांनी, तळहातावर तोलूनच उलटावीत.