के-कोड म्हणून विकलेली सी-कोड मस्टँग

१९६५ ची फोर्ड मस्टँग कन्व्हर्टिबल तशी दुर्मीळ नाही. के-कोड (जास्त ताकदीचं) इंजिन आणि जीटी (स्पोर्टी सामानाचं) पॅकेज असलेली मात्र क्वचितच मिळते, आणि साध्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजले जातात ते या दोन गोष्टींसाठी. त्यामुळे कमी ताकदीच्या इंजिनाची साधी सी-कोड गाडी ‘के-कोड जीटी’ करून विकण्याचा धंदा अमेरिकेत जुना आहे. इथे सांगितलेल्या व्यवहारात खरेदीदार गाडीखाली वाकलाच नाही. जाडजूड फाइल बघूनच त्याने पैसे दिले.

फाइल दिसायला चोख होती: टायटलची (मालकीच्या सरकारी कागदाची) प्रत, आधीच्या मालकांची बिल ऑफ सेल (विक्रीचे कागद), पार्ट्सची बिलं, शेकड्याने फोटो. जाहिरातीत ‘फ्रेम-ऑफ रिस्टोरेशन’ लिहिलं होतं. मस्टँगला वेगळी फ्रेम नसतेच, तिची बॉडी हाच सांगाडा असतो. असलं लिहिणाऱ्याला एक तर गाडी कळत नाही, नाहीतर गिऱ्हाइकाला कळत नाही अशी त्याची खात्री असते.

व्हीआयएनची (गाडीच्या ओळख क्रमांकाची) सुरुवात होती ५एफ०८के. ५ म्हणजे १९६५, एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना, ०८ म्हणजे कन्व्हर्टिबल आणि के म्हणजे २७१ हॉर्सपॉवरचं २८९ (घन इंच) इंजिन. सी असता तर तेच २८९, पण टू-बॅरल कार्ब्युरेटरचं, २०० हॉर्सपॉवरचं. जीटी आहे की नाही हे या आकड्यांत कुठेच नसतं. १९६७ पासूनच्या गाड्यांना फोर्डच्या नोंदींवरून काढलेला मार्टी रिपोर्ट मिळतो, १९६५-६६ ला ती सोय नाही. फसवणारे नेमकी हीच दोन वर्षं का धरतात, ते यावरून कळेल.

दारावरच्या डेटा प्लेटवर तारीख होती २०एल, म्हणजे २० नोव्हेंबर १९६४. (ए जानेवारी, बी फेब्रुवारी असं मोजत जायचं, आय वगळायचा.) जीटी पॅकेज बाजारात आलं एप्रिल १९६५ मध्ये. म्हणजे फॉग लॅम्प, पट्टे, मागच्या व्हॅलन्समधून (बंपरखालच्या पत्र्यातून) निघणारे एक्झॉस्ट हे सगळं नंतर लावलेलं. शिवाय या प्लेट नव्याने छापूनही मिळतात, त्यामुळे प्लेट बरोबर असली तरी तिने काही सिद्ध होत नाही.

इंजिनच्या ब्लॉकवरचा कास्टिंग कोड (तो कधी ओतला ते सांगणारा) स्टार्टरच्या वरच्या अंगाला असतो. गाडी उचलून, जमलं तर स्टार्टर काढूनच तो नीट वाचता येतो. इथे तो ५एफने सुरू होत होता. यातला एफ कारखान्याचा नव्हे, महिन्याचा: जून १९६५. नोव्हेंबरमध्ये बनलेल्या गाडीत पुढच्या जूनमध्ये ओतलेला ब्लॉक, आणि तरी ‘नंबर मॅचिंग’, म्हणजे इंजिन गाडीचं मूळचंच, असा दावा!

मागचा ॲक्सल तर दोन मिनिटांत कळतो. के-कोडला ९ इंची यायचा, बाकीच्या व्ही-८ ला ८ इंची. डिफरन्शियलच्या पुढच्या बाजूच्या नटांवर सॉकेट लावून बघा. ८ इंचीच्या सगळ्या नटांवर ते सरळ बसतं. ९ इंचीच्या खालच्या दोन नटांवर बसत नाही, तिथे पाना घ्यावा लागतो. या गाडीत सॉकेट सगळीकडे बसलं. भरीला पॉवर स्टिअरिंगही होतं, जे के-कोडबरोबर मिळतच नव्हतं. १९६५ च्या के-कोडमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दिसला तरी असंच समजा.

मग व्हीआयएनमध्ये के आला कुठून? नंबर ड्रायव्हरच्या बाजूच्या फेंडर एप्रनवर (इंजिनाशेजारच्या आतल्या पत्र्यावर) कोरलेला असतो, बोनेट उघडलं की फेंडरच्या खाचेतून दिसतो. गंजून संपलेल्या खऱ्या के-कोड कन्व्हर्टिबलचा एप्रन कापून या गाडीला जोडला होता, प्लेटही तिचीच. कारखान्याचे स्पॉट वेल्ड म्हणजे ठरावीक अंतरावरचे उथळ गोल खळगे. इथे एप्रन आणि शॉक टॉवर (सस्पेन्शनला आधार देणारा पत्रा) यांच्या जोडावर भोकं पाडून भरलेले आणि ग्राइंडरने घासलेले वेल्ड होते, वर लांबी (पुट्टी) आणि रंग. रंगाची जाडी मोजणारं यंत्र तिथे फिरवलं असतं तर आकडा एकदम उसळला असता. फाइलमध्ये पत्रा उघडा केल्याचे फोटो होते, रंगलेल्या इंजिन बेचेही होते. मधलं वेल्डिंग एकाही फोटोत नव्हतं.

मालकीची साखळीही अशीच तुटलेली. अमेरिकेतल्या काही राज्यांत जुन्या गाड्यांना टायटल देत नाहीत, नोंदणी आणि बिल ऑफ सेलवर भागतं. भंगारात गेलेला नंबर अशा राज्यातून फिरवून दुसरीकडे स्वच्छ टायटल काढता येतं. मध्ये बरीच वर्षं कोरी असतील तर त्याआधीच्या मालकाला गाठा आणि गाडी विकली तेव्हा कशी होती, जुना फोटो आहे का, हे विचारा. व्हीआयएन बदलणं तिथे संघराज्य कायद्याखाली गुन्हा आहे आणि गाडी जप्त होऊ शकते, मग ती कितीही चांगल्या मनाने घेतलेली असो.

कन्व्हर्टिबलला छताचा आधार नसतो, बराचसा भार रॉकर पॅनलवर (दाराखालच्या पट्टीवर) येतो. दार उघडं ठेवून पुढच्या चाकामागे जॅक लावा. दाराची फट बदलू लागली किंवा दार लागेना, तर आतलं रॉकर कुजलं आहे. ही गाडी तिथेही नापास झाली, पण पैसे देऊन झाल्यावर.

हे सगळं कळूनही अशा गाडीचा सौदा करायचा असेल तर करारात ‘जशी आहे तशी’ हे शब्द येऊ देऊ नका. मूळ के-कोड, मूळ जीटी, मूळ एप्रन, हे तिन्ही दावे वेगवेगळे लिहून घ्या, तपासणीत एकही खोटा ठरला तर पूर्ण रक्कम परत अशी अट घाला, आणि तपासणी होईपर्यंत पैसे तिऱ्हाइताच्या एस्क्रो खात्यात ठेवा.