मोजक्या डेटात चित्रे साठवताना: आठ महिन्यांच्या वापरानंतर

रेखाटनाच्या सरावासाठी मी पानाफुलांची चित्रे फोनमध्ये साठवते, आणि वाय-फाय नसल्यामुळे हे सगळे मोबाइल डेटावरच भागवावे लागते. गेले आठ महिने या कामासाठी मी अँड्रॉइडवरील फायरफॉक्स ब्राउझर आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचे छोटे पूरक साधन, वापरत आहे. जाहिराती अडवणारे म्हणून ते सर्वांना ठाऊक असले, तरी माझ्या कामाची सोय त्याच्या सेटिंगमध्ये जरा आत आहे: ठरावीक आकारापेक्षा मोठी चित्रे आणि व्हिडिओ उतरूच न देण्याची. ही मर्यादा मुळात ५० किलोबाइटची असते व ती बदलता येते.

डेटा चित्र साठवताना खर्च होतो, असा माझा बरेच दिवस समज होता. वास्तविक चित्र पडद्यावर दिसले, म्हणजे ते उतरलेलेच असते. बोट दाबून धरून ते साठवताना बहुधा कॅशमधलीच, म्हणजे ब्राउझरने फोनमध्ये तात्पुरती ठेवलेलीच, प्रत वापरली जाते. खरा डेटा जातो तो त्याच पानावरच्या, आपल्याला नको असलेल्या तीस-चाळीस चित्रांवर. फाइल पाठवताना सर्व्हर सहसा तिचा आकार आधी कळवतो. तो मर्यादेबाहेर असला, तर एक्स्टेन्शन ती मागणी तिथेच रद्द करते आणि चित्राच्या जागी रिकामी चौकट उरते. त्या चौकटीवर बोट टेकवले की तेवढेच चित्र उतरते.

याआधी, क्रोममधला डेटा वाचवणारा लाइट मोड २०२२ मध्ये बंद झाल्यावर, मी चित्रे आवळून पाठवणारा एक ब्राउझर वापरून पाहिला होता. डेटा वाचला यात शंका नाही, पण साठवलेली प्रतही आवळलेलीच असे. नेच्याच्या पानाचे एक चित्र मोठे करून मी त्याच्या उपशिरा मोठ्या निगुतीने काढल्या. नंतर मूळ चित्र पाहिले, तेव्हा त्यांतल्या निम्म्या शिरा त्यात नव्हत्याच. जेपेग या चित्रे साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत चित्र ८×८ पिक्सेलच्या तुकड्यांत आवळले जाते, आणि फार आवळले की त्या तुकड्यांच्या कडा दिसू लागतात. मी त्या कडाच रेखाटल्या होत्या.

५० किलोबाइटची मर्यादा मला कडक वाटली, कारण काही संग्रहांची थंबनेल, म्हणजे यादीत दिसणारी चित्रांची छोटी रूपे, सुद्धा त्याहून मोठी असतात आणि मग पानभर नुसत्या चौकटीच दिसतात. मी ती ८० केली आहे. काही संकेतस्थळांवर चौकटही उमटत नाही. अशा वेळी त्या स्थळापुरती ही सोय बंद करून पान पुन्हा उघडावे लागते, आणि मग नको ती चित्रेही येतातच. त्यावर मला अजून उपाय सापडलेला नाही.

थंबनेलवरच बोट दाबून चित्र साठवण्याची चूकही मी पुष्कळदा केली आहे. हाती येते ते बोटाएवढे चित्र, आणि मोठ्यासाठी पुन्हा डेटा खर्चावा लागतो. विकिमीडिया कॉमन्ससारख्या मुक्त चित्रसंग्रहांत एकाच चित्राचे अनेक आकार दिलेले असतात. मूळ फाइल कित्येक मेगाबाइटची असली, तरी फोनवर पाहून रेखाटण्यासाठी हजारेक पिक्सेल रुंदीची प्रत मला पुरते. अशी चित्रे हल्ली पुष्कळदा जेपेगऐवजी वेबपी या दुसऱ्या फाइल-स्वरूपात मिळतात. ती जेपेगपेक्षा सहसा लहान असल्याने मी तशीच ठेवते, कारण रूपांतर केल्यास पुन्हा थोडा तपशील जातो.

कित्येक आठवडे एक गोष्ट मात्र माझ्या लक्षातच आली नव्हती. फायरफॉक्समधून बाहेर पडताना ब्राउझिंग डेटा पुसण्याचा पर्याय मी सुरू ठेवला होता, त्यामुळे कॅशही रोज साफ होत असे आणि तेच संग्रह उघडताना तीच थंबनेल दररोज नव्याने उतरत. त्या यादीतली फक्त कॅशमधील चित्रे आणि फाइल यांच्यापुढची खूण आता मी काढून टाकली आहे. इतिहास आणि कुकी पूर्वीसारख्याच पुसल्या जातात.