जुन्या मोबाईलवर बिटकॉइनचा फुल नोड : वर्षभराच्या वापरानंतर

२०२४ च्या दिवाळीच्या पाडव्याला, २ नोव्हेंबरला, मी माझ्या जुन्या अँड्रॉइड मोबाईलवर बिटकॉइनचा फुल नोड, म्हणजे या डिजिटल चलनाचे सगळे व्यवहार स्वतः तपासणारा प्रोग्राम, बसवायला घेतला. आज तो मोबाईल आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याच्या घरात, मागच्या धाब्याच्या खोलीतल्या कोनाड्यात, एका पितळी ताटलीवर आडवा पडलेला आहे आणि चालू आहे. मधल्या काळात एकदा सगळं काम शून्यावर आलं आणि एकदा बॅटरी फुगली. ज्यांच्या कपाटात असा एखादा मोबाईल पडून आहे, त्यांना सुरुवातीलाच कळाव्यात अशा गोष्टी इथे लिहिते आहे.

आधी हा खटाटोप कशासाठी, ते सांगते. माझे सासरे, आप्पा, पहिल्याच आठवड्यात विचारायला लागले, "पोरी, हा मोबाईल दिवसभर काय करी राह्यला? याचे पैसे कोन देतं तुले?" पैसे कोणीच देत नाही. नोड म्हणजे मायनिंग (नवे ब्लॉक शोधून नाणी कमावणं) नव्हे, त्यातून एक रुपयाही सुटत नाही. आप्पांना पटलं ते काट्यामुळे. आमच्याकडे केळी आहेत. माल कापला की व्यापाऱ्याच्या काट्यावर जातो आणि त्या काट्यावर जो आकडा दिसेल तो आपला. आप्पांनी फार वर्षांपूर्वी स्वतःचा ताणकाटा घेतला. गाडी भरायच्या आधी दहा-बारा घड घरच्या काट्यावर लावून बघतात, वहीत लिहितात आणि मगच माल सोडतात. मोबाईलमधलं साधं बिटकॉइन वॉलेट दुसऱ्या कोणाच्या तरी सर्व्हरला विचारतं, "माझ्या नावावर किती आहे?" आणि येईल ते उत्तर दाखवतं. फुल नोड कोणाला विचारत नाही. ३ जानेवारी २००९ च्या पहिल्या ब्लॉकपासून आजपर्यंतचा प्रत्येक ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा गठ्ठा, उतरवून घेतो, नियमाला धरून आहे का ते तपासतो आणि नसेल तर नाकारतो. आप्पा म्हणाले, "मंग घरचा काटा झाला हा." तेव्हापासून घरात त्याचं नाव काटाच पडलं आहे.

मोबाईल २०१९ सालचा आहे : ६४-बिट प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, अँड्रॉइड १०. ब्लॉकांची पूर्ण साखळी सहाशे जीबीच्या वर गेलेली असताना ती ६४ जीबीत मावते कशी, असं माझे कॉलेजातले विद्यार्थीही विचारतात. मावते ती प्रूनिंगमुळे. नोड प्रत्येक ब्लॉक उतरवतो, पूर्ण तपासतो आणि ठरवलेल्या मर्यादेपलीकडचे जुने ब्लॉक पुसून टाकतो. तपासणीत काही कमी होत नाही, फक्त जुनं दप्तर ठेवलं जात नाही. प्रूनची किमान मर्यादा ५५० एमबी आहे, मी १५ जीबी ठेवली. त्याशिवाय आज कुठलं नाणं न खर्चलेलं आहे याची यादी, चेनस्टेट, ती पुसता येत नाही आणि तिलाच ११-१२ जीबी लागतात. म्हणून ३२ जीबीच्या मोबाईलच्या नादी लागू नका. मेमरी कार्डाच्याही नको. चेनस्टेटमध्ये सतत बारीक बारीक लिहिणं-वाचणं चालतं, साधं कार्ड त्याला पुरं पडत नाही.

बसवायला टर्मक्स (अँड्रॉइडवर लिनक्सच्या आज्ञा चालवणारं अॅप) वापरलं, तेही एफ-ड्रॉइड या मुक्त अॅपच्या दुकानातून घेतलेलं. त्यात प्रूट-डिस्ट्रोने डेबियन ही लिनक्स प्रणाली आणि डेबियनच्या आत बिटकॉइन कोअर या नोड चालवणाऱ्या प्रोग्रामची, मोबाईलच्या एआरएम ६४ प्रोसेसरसाठीची अधिकृत प्रत. इथे घाई करू नका. फाइल उतरवल्यावर तिचा शा-२५६ हॅश, म्हणजे फाइलचा अंगठ्याच्या ठशासारखा आकडा, जाहीर यादीशी ताडून बघा आणि त्या यादीवरच्या डिजिटल स्वाक्षऱ्या जीपीजी या प्रोग्रामने तपासा. अनेक जण वेगवेगळ्या ठिकाणी तोच सोर्स कोड बांधून एकाच हॅशवर सह्या करतात. काटा घरी आणायचा, तर तो आधी पारखून आणायचा.

आता पहिल्या सिंकबद्दल, म्हणजे सगळी साखळी उतरवून आजच्या ब्लॉकपर्यंत पोचण्याबद्दल, कारण खरी परीक्षा तिथेच आहे.

पहिली काही वर्षं भराभर गेली. २००९ ते २०१२ चे ब्लॉक जवळजवळ रिकामेच, एका रात्रीत पार. मग वेग उतरत गेला. २०१७ नंतर मोबाईल हाताला चटका देईल इतका तापायला लागला. डीबीकॅश, म्हणजे नोडला वापरायला दिलेली रॅम, मी मोठ्या उत्साहाने १५०० एमबी केली होती. अँड्रॉइडला रॅम कमी पडली की तो मागे चालणारं अॅप न विचारता मारून टाकतो, आणि तेच व्हायला लागलं. सकाळी उठून बघावं तर रात्री दोन वाजताच सगळं थांबलेलं. डीबीकॅश ६०० वर आणली, मोबाईलला झोपू न देणारा टर्मक्सचा वेक-लॉक लावला, सेटिंगमध्ये जाऊन टर्मक्सला बॅटरी बचतीतून वगळलं, तेव्हा कुठे तो रात्रभर टिकायला लागला. अँड्रॉइड १२ किंवा पुढचं असेल तर आणखी एक अडचण येते : तिथे अॅपने सुरू केलेल्या जास्तीच्या उपप्रक्रिया (चाइल्ड प्रोसेस) सिस्टीम स्वतःच मारते. ते बंधन डेव्हलपर ऑप्शनमधून किंवा संगणकाला जोडून काढावं लागतं.

२९ नोव्हेंबरला, सत्ताविसाव्या दिवशी, घात झाला. मी भुसावळला कॉलेजात होते. घरी चार्जरची पिन सैल झाली होती, बॅटरी संपली आणि मोबाईल लिहिता लिहिता बंद पडला. संध्याकाळी येऊन चालू केला, तर ब्लॉक डेटाबेस खराब झाल्याचा निरोप. साध्या नोडवर रीइंडेक्स करून, म्हणजे यादी पुन्हा बांधून, सावरता येतं, कारण ब्लॉक डिस्कवर असतात. प्रून केलेल्या नोडवर जुने ब्लॉक नसतातच, म्हणून रीइंडेक्स म्हणजे पहिल्या ब्लॉकपासून सगळं पुन्हा उतरवणं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

१ डिसेंबरला पुन्हा सुरू केलं. या वेळी दर रविवारी नोड रीतसर थांबवायचा, तो खरोखर बंद झाला आहे हे लॉगमध्ये बघायचं आणि ब्लॉक्स आणि चेनस्टेट ही दोन्ही फोल्डर एकाच वेळी लॅपटॉपच्या हार्ड डिस्कवर उतरवायची. एकच घेतलं तर उपयोग नाही, दोन्ही एकाच क्षणाची हवीत. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. पुढे मार्चमध्ये मोबाईल पुन्हा एकदा असाच बंद पडला, तेव्हा या प्रतीने तासाभरात उभं केलं.

इंटरनेट घरचं फायबर आहे. मोबाईलच्या रोजच्या दीड-दोन जीबीवर पहिला सिंक होणं शक्यच नाही. माझी दोन्ही वेळची धाव धरली तर हजार जीबीच्या आसपास उतरलं असेल, म्हणून प्लॅनची महिन्याची मर्यादा आधी बघून घ्या. सिंक झाल्यानंतर मात्र भूक फार कमी. दर दहा मिनिटांना सरासरी एक ब्लॉक, दिवसाचे १४४ च्या आसपास. मी ब्लॉक्सओन्ली चालू ठेवलं आहे, म्हणजे ब्लॉकमध्ये अजून न गेलेले सुटे व्यवहार न घेता फक्त ब्लॉक घेतले जातात. तसं केलं की रोज पाव जीबीच्या आगेमागे भागतं.

संक्रांत झाली, तिसऱ्या दिवशी, १७ जानेवारीला पहाटे पाणी भरायला उठले आणि सवयीने लॉग उघडला. ब्लॉक जोडला गेला की येणाऱ्या अपडेटटिपच्या ओळी सरकताना रोज बघत होते. प्रत्येक ओळीच्या शेवटी प्रगतीचा आकडा असतो, ०.९७, ०.९८, आठवडाभर तो मुंगीच्या पावलाने चालला होता. त्या पहाटे ओळी सरकत नव्हत्या. शेवटच्या ओळीत उंची, म्हणजे साखळीतल्या ब्लॉकचा क्रमांक, ८ लाख ७९ हजारांच्या वर आणि प्रगती १.०००००० अशी उभी. मी तिथेच ओट्याला टेकून थांबले. आठ-नऊ मिनिटांनी खाली एक नवी ओळ आली, उंची एकाने वाढलेली. जगात कुठेतरी तो ब्लॉक नुकताच सापडला होता आणि सावद्यात माझ्या मोबाईलने तो तपासून घेतला होता. पाण्याची बादली तोवर भरून वाहत होती.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला आप्पांबरोबर एक हिशोब केला, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. नोडला एक आज्ञा देता येते, गेटटीएक्सआउटसेटइन्फो. तो न खर्चलेल्या प्रत्येक नाण्याची बेरीज करून जगात एकूण किती बिटकॉइन आहेत ते सांगतो. या मोबाईलवर त्याला वीस मिनिटं लागली. तेवढ्यात आप्पांनी केळीची वही घेतली आणि मी नियम सांगितला : नवा ब्लॉक शोधणाऱ्याला नव्या नाण्यांचं बक्षीस मिळतं, आणि दर २ लाख १० हजार ब्लॉकना ते निम्मं होतं. पहिल्या टप्प्यात ५० च्या दराने १ कोटी ५ लाख. मग २५ च्या दराने ५२ लाख ५० हजार. मग साडेबाराने २६ लाख २५ हजार. मग सव्वासहाने १३ लाख १२ हजार ५००. बेरीज १ कोटी ९६ लाख ८७ हजार ५००, एप्रिल २०२४ पर्यंतची. त्यापुढचे ४२ हजार ब्लॉक ३.१२५ च्या दराने, म्हणजे आणखी १ लाख ३१ हजार २५०. आप्पांनी खाली रेघ मारून लिहिलं : १,९८,१८,७५०. मोबाईलने दाखवलेला आकडा त्याला अगदी लागून, थोडासाच कमी. कमी का, त्याची मुख्य कारणंही त्यांना सांगितली : पहिल्या ब्लॉकची ५० नाणी नियमानेच खर्चता येत नाहीत, आणि २०१० मध्ये दोन बक्षिसं दुहेरी नोंदीमुळे कायमची गेली, आणखी शंभर. आप्पांनी चष्मा पुसून दोन्ही आकडे पुन्हा वाचले. कुठल्या बँकेला, कुठल्या कंपनीला विचारावं लागलं नाही. वही आणि मोबाईल, एवढंच.

हे मी मुद्दाम सविस्तर लिहिलं. आमच्या ओळखीतल्या एका घराने 'कॉइन'च्या नावाने दरमहा व्याज देणाऱ्या योजनेत पोरीच्या लग्नाचे पैसे घालवले. बिटकॉइनच्या नियमात व्याज कुठेच नाही, आणि त्याच्या साखळीत जोडायची माणसं नसतात, ब्लॉक असतात. ज्याने एकदा स्वतः नोड चालवून बघितला, त्याला असल्या योजनेतलं खोटं पहिल्या वाक्यात कळतं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. बिटकॉइन कोअर मुळात अझ्यूमव्हॅलिड चालू ठेवून येतो, म्हणजे एका ठरावीक ब्लॉकच्या आधीच्या स्वाक्षऱ्या पुन्हा तपासत नाही. बाकी सगळं, बक्षीस, दुहेरी खर्च, बेरजा, तपासतो. मी ते चालू ठेवलं. बंद करता येतं, पण या मोबाईलवर आणखी किती आठवडे गेले असते, याचा विचारही नको वाटला.

उन्हाळा. खानदेशात राहून हे करायचं तर उन्हाळ्याचा विचार आधी करा. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेला, की पत्र्याच्या खोलीत मोबाईल चालणारच नाही. आधी कूलरसमोर ठेवून बघितला. दमट हवेने चार्जिंगच्या खाचेत ओल धरली, म्हणून तो प्रकार सोडला. मग धाब्याच्या खोलीत नेला. मातीच्या जाड भिंती, वर मातीचं छत, दुपारीसुद्धा आत हात लावला तर भिंत गार. मागचं कव्हर काढून मोबाईल सासूबाईंच्या जुन्या पितळी ताटलीवर ठेवला. पितळ उष्णता ओढून पसरवतं, त्याने बराच फरक पडला. राउटरची रेंज तिथवर जेमतेम पोचते, तरी चालतं.

तरीही मेच्या अखेरीला स्क्रीनची एक कड उचललेली दिसली. बॅटरी फुगली होती. सहा महिने चोवीस तास चार्जर लावून ठेवल्याचा तो परिणाम. असं दिसलं की तिथल्या तिथे बंद करा, दाबू नका, टोचू नका, दुकानात द्या. मी नवी बॅटरी बसवून घेतली आणि चार्जरला टायमर लावला : एक तास चालू, दोन तास बंद. त्यानंतर तक्रार नाही. वीज नगण्य लागते, चार वॅट धरले तरी महिन्याला तीन युनिट. आणि लाइट गेली तरी मोबाईलला स्वतःची बॅटरी आहे, हा डेस्कटॉपपेक्षा आणि एका बोर्डाच्या छोट्या संगणकांपेक्षा मोठा फायदा. राउटरला तेवढा एक छोटा यूपीएस घ्यावा लागला.

मर्यादाही ओळखून घ्या. जुनं वॉलेट नंतर जोडलं तर नोडला पुसलेल्या ब्लॉकांत मागे जाता येत नाही, त्याचा जुना इतिहास दिसत नाही. शिल्लक मात्र स्कॅनटीएक्सआउटसेट या आज्ञेने बघता येते. जुने ब्लॉक पुसलेलेच असतात, त्यात बऱ्याच इंटरनेट जोडण्यांप्रमाणे आमच्याकडेही बाहेरून कोणी आपल्या नोडपर्यंत पोचू शकत नाही, म्हणून मी इतरांना जुने ब्लॉक पुरवू शकत नाही, याची मला खंत आहे. आणि या मोबाईलला सुरक्षेचे अपडेट येणं कधीच बंद झालं आहे, तेव्हा त्यावर खासगी किल्ल्या (नाणी खर्चायला लागणारे गुप्त आकडे) ठेवायच्या नाहीत, सिम ठेवायचं नाही, बँकेचं अॅप तर मुळीच नाही. माझ्या किल्ल्या दुसरीकडे आहेत, मोबाईल फक्त तपासतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये कोअरची ३० वी आवृत्ती आली आणि ओपी-रिटर्नमधल्या, म्हणजे व्यवहाराला जोडता येणाऱ्या, डेटाची मूळची ८३ बाइटची मर्यादा वाढवली म्हणून मोठा वाद झाला. माझा नोड सुटे व्यवहार पुढे पाठवतच नाही, त्यामुळे मला त्याची झळ नाही. तरी आवृत्ती लगेच बदलली नाही. कुठला प्रोग्राम चालवायचा हे नोडवाल्याने ठरवायचं असतं, आणि मी दोन्ही बाजू वाचून ठरवणार आहे.

सध्या केळीच्या कांदेबाग हंगामाची लागवड चालू आहे, घरात कोणी दुपारी नसतं. काल संध्याकाळी आप्पा शेतातून आले, हातपाय धुतले आणि धाब्याच्या खोलीत डोकावून मला हाक मारली, "पोरी, काटा किती वर आला पाह्य बरं." मी लॉग उघडून उंची वाचून दाखवली. त्यांनी ती वहीत लिहून घेतली, त्या दिवसाच्या केळीच्या भावाखाली.