आत मायाच नाही: चार स्वस्त कपडे, नऊ महिन्यांनंतर

एका ऑनलाइन ब्रँडकडून एकदम चार कपडे मागवले होते: दोन टी-शर्ट, एक शर्ट, एक पँट. प्रश्न त्या एकट्या ब्रँडचा नसल्यामुळे नाव लिहीत नाही. नऊ महिने घालून, धुऊन, शेवटी उसवून पाहिले आणि मग लिहायला बसले.

पहिल्या दिवशी तक्रारीला जागाच नव्हती. रंग फोटोतल्यासारखा, माप बरोबर. तेव्हाच लिहिलं असतं तर पाच स्टार दिले असते. बहुतेक जण त्याच दिवशी लिहितात, म्हणून त्या स्टारांवर जाऊ नका.

आधी टी-शर्ट बिघडले. चौथ्या-पाचव्या धुण्यात बाजूची शिवण फिरून पोटावर आली. होजिअरीच्या सुतात पीळ असतो. कापड कापण्याआधी मोकळं पसरून सैल पडू दिलं नाही, तर तो पीळ पुढे आपल्या घरी धुताना सुटतो आणि अख्खा कपडा तिरका होतो. कापड पसरून ठेवायला वेळ लागतो, आणि या धंद्यात सगळी बचत वेळेचीच असते. एका सुती टी-शर्टमागे, कापूस पिकवण्यापासून धरलं तर, साधारण 2,700 लिटर पाणी लागतं असा अंदाज आहे. माझा एक टी-शर्ट जेमतेम अकरा वेळा अंगावर चढला.

पँट पॉलिस्टर, कापूस आणि इलास्टेन या ताणल्या जाणाऱ्या धाग्याच्या मिश्रणाची. दोन महिन्यांत मांड्यांशी गोळे आले. सुती कापडावरचे गोळे कालांतराने झडतात, पण पॉलिस्टरचा तंतू चिवट, तो त्यांना धरून ठेवतो. प्रत्येक धुण्यानंतर मशीनच्या जाळीत राखाडी लव साचलेली असायची. जाळीत सापडते ती दिसणारी. त्याहून बारीक तंतू पाण्याबरोबर नदीला आणि पुढे समुद्राला मिळतात, आणि पॉलिस्टरचे तंतू म्हणजे प्लास्टिकच.

शर्टाबद्दल मात्र सविस्तर सांगायलाच हवं. सहाव्या महिन्यात काखेत उसवला. दुरुस्तीला नेला तर शिवणाऱ्या ताईंनी तो उलटा केला, शिवणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, ‘‘यात मायाच सोडली नाहीये हो. टाका कुठे घालू?’’ माया म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड. इथे कड सुटू नये म्हणून घालतात तो ओव्हरलॉकचा दोरा थेट कापडाच्या कडेवर बसलेला, पलीकडे दोन सुतंसुद्धा नाहीत. माझ्या जुन्या सुती शर्टाला आतून बोटभर माया आहे. तो एकदा सैल केला, दोनदा उसवल्यावर पुन्हा शिवला, अजून घालते. कापडाचे थर एकावर एक रचून हजारो कपडे कापताना प्रत्येक कडेला थोडं थोडं कापड वाचवलं की कारखान्याचा फायदा होतो. पण ती कात्री दुरुस्तीवरही चाललेली असते, हे त्या दिवशी कळलं.

हीच काटकसर माणसांच्या बाबतीतही झाली आहे. ढाक्याजवळच्या सावरमध्ये राणा प्लाझा ही आठ मजली इमारत होती, आत कपड्यांचे कारखाने. आदल्या दिवशी तिला तडे गेले. खालची बँक आणि दुकानं बंद राहिली, कारखान्यांतल्या कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं. 24 एप्रिल 2013 रोजी इमारत कोसळली आणि 1,134 जीव गेले. त्यानंतर ब्रँड आणि कामगार संघटनांमध्ये बंधनकारक करार झाला, कारखान्यांची तपासणी सुरू झाली आणि अनेक इमारतींची दुरुस्तीही झाली. हे मोठंच काम झालं. पण कमीत कमी भावात, कमीत कमी दिवसांत माल हवा हा तगादा तसाच राहिला, आणि तो शेवटी शिलाई मशीनवर बसलेल्या बाईच्या मजुरीतून आणि तिच्या जास्तीच्या तासांतून वसूल होतो. माझ्या शर्टातली ती निसटती शिवण कोणीतरी घाईघाईत घातली होती. माझा राग तिच्यावर नाही.

टी-शर्ट कुणाला तरी देऊन टाकावे असं मनात आलं होतं. मग घानातल्या अक्रा शहराच्या कांतामांतो बाजाराबद्दल वाचलं. जगभरातून टाकलेल्या कपड्यांचे गठ्ठे तिथे येतात. विक्रेते पैसे मोजून बंद गठ्ठा घेतात, आत काय निघेल ते फोडल्यावरच कळतं. विरलेला, डागाळलेला, तिरका झालेला माल निघाला की तोटा त्यांचा, आणि तो कचरा त्यांच्या शहरात, त्यांच्या समुद्रकिनाऱ्यावर. चिलीच्या अटाकामा वाळवंटातही असेच कपड्यांचे ढीग पडलेत. मी ज्याला दान म्हणणार होते, ते घरातला कचरा दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकणंच होतं. रीसायकलिंगचाही आधार फारसा नाही. मिश्र धाग्यांतून कापूस आणि पॉलिस्टर वेगळं काढणं अवघड आणि खर्चिक, त्यामुळे जुन्या कपड्यापासून पुन्हा नवा कपडा फारच क्वचित होतो.

शर्टाची बटणं काढून घेतली आणि त्याचं फडकं केलं. पण शर्टाचं कापडही पॉलिस्टरचं, ते पाणी टिपत नाही, नुसतं इकडून तिकडे पसरवतं.

पाचपैकी एक स्टार, तो पहिल्या दिवसाच्या रंगासाठी. आता कपडा घेताना आधी उलटा करून माया आणि टाक्यांची दाटी बघते. परवा दोन ऑनलाइन विक्रेत्यांकडे शर्टाच्या आतल्या बाजूचा फोटो मागितला. एकाने उत्तरच दिलं नाही. दुसऱ्याने काखेतल्या शिवणीवर मोजपट्टी धरून फोटो पाठवला. शर्ट त्याच्याकडून घेतला.