सुदानसाठी कोणता युद्धविराम मागावा? नुबा, दारफुर आणि जेद्दाची तुलना

सुदानचं लष्कर आणि रॅपिड सपोर्ट फोर्सेस, म्हणजे आरएसएफ, यांच्यात १५ एप्रिल २०२३ रोजी युद्ध पेटलं. तेव्हापासून युद्धविरामाचे मसुदे येतच आहेत. मदतसंस्था असो, देणगीदार देश असो की मध्यस्थ, प्रत्येकाला दर वेळी ठरवावं लागतं, की या मसुद्यामागे आपलं वजन आणि पैसा उभा करायचा का. पडताळून पाहायला दाखले सुदानमध्येच आहेत. तिथे एक युद्धविराम तीन वर्षं टिकला, दुसरा सह्या होऊनही जमिनीवर उतरलाच नाही आणि तिसरा दोन आठवडेही चालला नाही.

टिकला तो दक्षिण कोर्दोफान प्रांतातल्या नुबा डोंगरातला. तेव्हाचं सुदान सरकार (राजधानी खार्तुम) आणि एसपीएलएम या दक्षिणेतल्या बंडखोर संघटनेचा नुबा गट यांनी १९ जानेवारी २००२ रोजी स्वित्झर्लंडमधल्या ब्युर्गनश्टॉक इथे सह्या केल्या. स्वित्झर्लंड आणि अमेरिका मध्यस्थ होते. करार सहा महिन्यांचा, मुदत वाढवता येणारा आणि एका ठरावीक प्रदेशापुरता होता. या डोंगरातल्या बंडखोरांच्या ताब्यातल्या भागात सरकार अनेक वर्षं मदत पोहोचू देत नव्हतं, त्यामुळे लोकांच्या आणि मालाच्या मोकळ्या ये-जा करण्याला करारात लढाई थांबवण्याइतकंच महत्त्व मिळालं. भूसुरुंग काढून रस्ते मोकळे करणंही त्यात होतं.

त्याचा कणा होता संयुक्त लष्करी आयोग. नॉर्वेचे ब्रिगेडियर जनरल यान एरिक विल्हेल्मसेन त्याचे प्रमुख होते. निरीक्षक निःशस्त्र होते आणि प्रत्येक तुकडीत सरकारचा माणूस, एसपीएलएमचा माणूस आणि एक परदेशी निरीक्षक असे तिघं एकत्र फिरत. तक्रार आली की तिघं मिळून जागेवर जात. दोन्ही बाजूंची माणसं तेच डोळ्यांनी पाहत असल्यामुळे ‘हे आम्ही केलंच नाही’ असं म्हणायला जागा कमी उरे, आणि बरीच भांडणं वरच्या पातळीवर जाण्याआधीच मिटत. ही व्यवस्था २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांची मोहीम येईपर्यंत चालली. तिची किंमतही होती. एका आघाडीवर शांतता झाली की तिथलं सैन्य दुसरीकडे हलवता येतं, आणि २००२ मध्येच पश्चिम अपर नाईलच्या तेलक्षेत्रात लढाई तीव्र झाली. स्थानिक करार मागणाऱ्याने सैन्य हलवण्यावर बंधन घालणारं कलमही मागायला हवं.

सुदानच्या पश्चिमेकडच्या दारफुर प्रदेशाचा करार ८ एप्रिल २००४ रोजी चाडची राजधानी एन्जामेना इथे झाला. तो ४५ दिवसांचा, आपोआप वाढणारा मानवतावादी युद्धविराम होता. घाई समजण्यासारखी होती, गावं जळत होती. पण कोणाच्या ताब्यात कोणता भाग, याचा मान्य नकाशाच नव्हता, त्यामुळे उल्लंघन सिद्ध करायला आधाररेषा नव्हती. बंडखोरांच्या फौजा ठरावीक ठिकाणी गोळा करण्याच्या वाक्यावरून कराराच्या दोन प्रती वेगळ्या निघाल्या. जंजावीद टोळ्यांना आवरायची जबाबदारी सरकारवर टाकली होती, आणि त्या टोळ्यांना बळ देणारं सरकारच होतं. आफ्रिकी संघाने सुरुवातीला ६० निरीक्षक आणि त्यांच्या रक्षणासाठी सुमारे ३०० सैनिक ठरवले. प्रदेश फ्रान्सएवढा! पुढे संख्या सात हजारांच्या आसपास गेली, पण तोवर निरीक्षक पोहोचायचे ते राख मोजायला.

सौदी अरेबियातल्या जेद्दा इथे २० मे २०२३ रोजी लष्कर आणि आरएसएफ यांच्यात सही झालेला युद्धविराम सात दिवसांचा होता, नंतर पाच दिवस वाढवला. देखरेख समिती होती, पण खार्तुमच्या रस्त्यांवर फिरणारे निरीक्षक नव्हते. घरांत आणि रुग्णालयांत शिरलेले आरएसएफचे सैनिक बाहेर पडले नाहीत, आणि ३१ मे रोजी लष्कराने बोलणी थांबवली.

सात दिवस किती कमी, हे धान्याच्या हिशेबातून दिसतं. माणशी रोज अर्धा किलो धान्य, डाळ आणि तेल धरलं, तर एक लाख लोकांना महिन्याला १,५०० टन लागतात, म्हणजे ३० टनांचे ५० ट्रक. त्यांचे परवाने, नाक्यांवरची तपासणी आणि पोर्ट सुदानहून दारफुरपर्यंतचा हजार किलोमीटरहून लांब रस्ता धरला, तर आठवड्यात काफिला निघेल, पोहोचेलच असं नाही. लोकांना बाहेर काढायला मात्र छोटा विराम पुरतो. एप्रिल २०२३ च्या ७२ तासांच्या विरामाची मदत भारताच्या ऑपरेशन कावेरीला झाली आणि या मोहिमेतून सुमारे ३,८०० लोक परतले.

मग निवड कशी करायची? आघाडी स्थिर असेल आणि दोन्हीकडे माणसांवर हुकूम चालवणारा कमांडर असेल, तर नुबाचा नमुना घ्यावा, तोही एका शहरापुरता किंवा एका रस्त्यापुरता. आघाडी रोज सरकत असेल, तर नकाशा शाई वाळण्याआधीच जुना होतो. तिथे देशव्यापी करारच लागतो, पण निरीक्षक सहीच्या आधी ठरलेले हवेत. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिका, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती आणि इजिप्त यांनी तीन महिन्यांचा मानवतावादी विराम सुचवला. मदतीसाठी ही मुदत जेद्दापेक्षा कितीतरी बरी. पण अमिरातीवर आरएसएफला शस्त्रं पुरवल्याचा आरोप आहे, जो ती फेटाळते, आणि इजिप्त लष्कराच्या बाजूचा मानला जातो. हमीदार असे असतील, तर शस्त्रपुरवठा थांबवण्याची तारीख आणि तपासणी करारातच लिहून घ्यावी लागते.

एक गोष्ट, म्हणजे चाडमार्गे दारफुरला जाणारी मदत, यातल्या कुठल्याच युद्धविरामावर अवलंबून ठेवू नये. चाडमधल्या आद्रेहून पश्चिम दारफुरचं मुख्य शहर अल-जेनैना जेमतेम ३० किलोमीटरवर आहे. लष्कराच्या सरकारने हा मार्ग फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद केला. १ ऑगस्टला उत्तर दारफुरमधल्या झमझम या विस्थापितांच्या छावणीत दुष्काळ जाहीर झाला, त्यानंतर त्याच महिन्यात मार्ग तीन महिन्यांसाठी उघडला आणि मग मुदतवाढीवर मुदतवाढ सुरू झाली. पण जून ते सप्टेंबर पावसाने दारफुरचे ओढे भरतात आणि ट्रक अडकतात, म्हणून साठा मे अखेरपर्यंत आत पोहोचायला हवा. परवाना किमान वर्षाचा मागावा आणि त्याची बोलणी युद्धविरामाच्या टेबलापासून वेगळी ठेवावीत, म्हणजे एक फिसकटलं तरी दुसरं चालू राहतं.