विमान-अंतर गणक : अंतर चोख, वेळ ढोबळ

दोन विमानतळांची नावे किंवा त्यांचे तीन अक्षरी संकेत भरले की त्यांच्यातील हवाई अंतर आणि प्रवासाला लागणारा वेळ सांगणाऱ्या अनेक मोफत सेवा आज उपलब्ध आहेत. त्यांपैकी एक मी नियमितपणे वापरतो, आणि तिच्या या दोन उत्तरांवर सारखाच विश्वास ठेवता येत नाही, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

अंतराबाबत तक्रारीला जागा नाही. पृथ्वीच्या गोलावरील सर्वांत जवळचा मार्ग, म्हणजे ग्रेट सर्कल, धरून ही सेवा हिशेब करते आणि उत्तर किलोमीटर, मैल व सागरी मैल अशा तिन्ही एककांत देते. लंडनच्या हीथ्रोपासून न्यू यॉर्कच्या जेएफकेपर्यंतचे अंतर ती सुमारे ५,५४० किलोमीटर दाखवते, आणि ते बरोबर आहे. पृथ्वी ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा पूर्ण गोल मानल्यामुळे उत्तरात अर्ध्या टक्क्याच्या आसपास फरक पडू शकतो, परंतु प्रवाशाला त्याहून अधिक सूक्ष्मतेची गरज नसते. सपाट नकाशावर उत्तरेकडे झुकलेला दिसणारा हा मार्ग ती रेखाटूनही दाखवते, ही सोय मला विशेष आवडली.

वेळेचे मात्र तसे नाही. ताशी ८५० किलोमीटर वेगाने अंतराला भागायचे आणि उड्डाण व उतरण यांसाठी अर्धा तास मिळवायचा, एवढेच तिचे गणित असल्याने वरील मार्गावर जाताना आणि येताना उत्तर एकच मिळते : सात तास. प्रत्यक्षात उत्तर अटलांटिकवर जेट प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, त्यामुळे न्यू यॉर्कहून लंडनला येणाऱ्या विमानाला वाऱ्याची साथ मिळते, तर परतीच्या विमानाला त्याच वाऱ्याशी झुंजावे लागते आणि त्याच्या वेळापत्रकात सुमारे आठ तास धरावे लागतात. हेलसिंकी ते टोकियो या मार्गावर तर हे गणित पूर्णपणे कोलमडते. सुमारे ७,८०० किलोमीटरसाठी ही सेवा दहा तासांच्या आतले उत्तर देते. पण २०२२ मध्ये रशियाने आपली हवाई हद्द युरोपीय विमान कंपन्यांना बंद केल्यापासून फिनएअरच्या विमानांना मोठा वळसा घ्यावा लागतो आणि प्रवासाला सुमारे तेरा तास लागतात. एवढा फरक पडत असताना उत्तराखाली ‘अंदाजे’ हा शब्दही नसावा, हे मला गंभीर वाटते.

दोन्ही दिशांचे वेगळे अंदाज दिले आणि मार्गावरील बंद हवाई हद्दींची सूचना जोडली, तर या सेवेची उपयुक्तता बरीच वाढेल. तोपर्यंत, विशेषतः पुढचे विमान पकडायचे असेल तेव्हा, विमान कंपनीचे वेळापत्रकच पाहावे, कारण त्यातील कालावधी विमान एका गेटवरून हलल्यापासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतचा असतो आणि धावपट्टीपर्यंत जाण्यात व रांगेत थांबण्यात जाणारी मिनिटेही त्यात धरलेली असतात.